एआय एजंटसाठी मॅन्युअल डेटाबेस बॅकअप टूल: काय असतं, कसं चालतं आणि त्याचं डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'चॅट बॅकअप' उघडा. वर शेवटचा बॅकअप कधी झाला ती वेळ दिसेल. अँड्रॉइडवर फोनमधली प्रत रोज रात्री दोनच्या सुमाराला आपोआप बनते, आपल्याला पत्ताही नसतो. पण त्याच पानावर एक हिरवं बटणही असतं, आत्ताच्या आत्ता बॅकअप घेण्याचं. ते आपण कधी दाबतो? फोन रिसेट मारायच्या आधी, किंवा नवीन फोनवर जायच्या आधी. म्हणजे काहीतरी मोठं करायला घेतलंय आणि ते फसू शकतं, हे माहीत असतं तेव्हा.

मॅन्युअल बॅकअप म्हणजे तेच हिरवं बटण. आता समजा डेटा तुम्ही स्वतः हाताळत नाही, तुमच्या वतीने एक एआय एजंट हाताळतो. मग ते बटण कोणी दाबायचं, कधी दाबायचं, आणि ते दाबल्यावर नेमकं काय होतं हे एजंटला कुठल्या शब्दांत सांगायचं? मी घरच्या कामासाठी असं एक टूल बनवलं आणि त्याचं डॉक्युमेंटेशन चार वेळा लिहिलं. टूलचं कोड एका संध्याकाळी झालं होतं. डॉक्युमेंटेशनला दोन महिने लागले. म्हणून हा लेख.

आधी एजंट आणि टूल, थोडक्यात

चॅटबॉट उत्तर देतो, एजंट काम करतो. काम करण्यासाठी त्याला टूल्स दिलेली असतात: फाइल उघडणं, मेसेज पाठवणं, डेटाबेसमध्ये नोंद घालणं. ही टूल्स एजंटला जोडण्याची एक ठरलेली पद्धत म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अर्थात एमसीपी. अँथ्रॉपिक कंपनीने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली आणि नंतर इतर कंपन्यांनीही ती घेतली.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टूलच्या आतलं कोड साधारणपणे एजंटला दिसत नाही. त्याला तीन गोष्टी दिसतात: टूलचं नाव, वर्णन, आणि काय माहिती द्यायची त्याची यादी. बस. आपण मोबाइलचं मॅन्युअल न वाचता मोबाइल वापरतो, एजंटला ती सोय नाही. वर्णनात जे लिहिलंय तेच त्याच्यासाठी टूल. त्यामुळे माणसांसाठीचं डॉक्युमेंटेशन अर्धवट असलं तर माणूस कुणाला तरी फोन करून विचारतो. एजंटसाठीचं अर्धवट असलं तर तो उरलेलं स्वतःच्या मनाने भरतो.

दोन संतोष

आमच्या घरी डब्यांचा धंदा आहे. वसई पूर्वेला गोखिवऱ्याजवळ राहतो, आई वालीव आणि सातिवलीच्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांना दुपारचे डबे देते. हिशोब महिन्याचा. जितके दिवस डबा नको तितके खाडे, ते बिलातून वजा. पूर्वी वही होती. मग मी सगळं जुन्या लॅपटॉपवर एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये आणलं आणि त्याच्यावर एजंट बसवला. आई फोनवर बोलून सांगते, "आज सातिवलीचे तीन कमी," आणि एजंट त्याचे खाडे टाकतो. हे मस्त चालत होतं.

एका शनिवारी मी एजंटला लिहिलं, "ग्राहकांच्या यादीत डबल नावं झालीत, साफ कर." खरंच झाली होती, कारण एकाच माणसाचं नाव कधी मराठीत, कधी इंग्लिशमध्ये टाइप झालेलं. एजंटने यादी आटोपशीर केली आणि काम झालं असं छान सांगितलं. मी बघितलंसुद्धा नाही.

गुरुवारी आई बिलं काढायला बसली आणि मला हाक मारली. "अगं, संतोष एकच कसा? दोन आहेत ना! एकाचे पैसे जमा आहेत, एकाचे यायचेत."

एक संतोष वालीवचा, एक सातिवलीचा. आडनावही तेच. एकाने २,००० रुपये आगाऊ दिलेले, दुसऱ्याकडून १,८५० यायचे होते. एजंटने दोघांना एक केलं आणि त्या एका माणसाच्या नावावर १५० रुपये जमा दाखवत होतं. खाडेही मिसळले. कुठला खाडा कुणाचा हे आता डेटाबेसमध्ये कुठेच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बॅकअप नव्हता का? होता. रोज रात्री आपोआप व्हायचा, आणि जागा वाचावी म्हणून मी शेवटच्या तीनच प्रती ठेवत होते. शनिवारी संध्याकाळी बिघडलं, गुरुवारी कळलं. हातात मंगळवार, बुधवार आणि गुरुवारच्या प्रती, तिन्हींमध्ये एकच संतोष. आईचे जुने व्हॉइस मेसेज ऐकून दोन संध्याकाळी आम्ही हिशोब परत लावला. सातिवलीच्या संतोषला एखादा खाडा कमी धरला गेला की नाही, हे आजही खात्रीने सांगता येत नाही. आईने त्याला एका डब्याचे पैसे सोडले आणि विषय संपवला.

मग ऑटोमॅटिक बॅकअप निरुपयोगी का?

नाही, तो हवाच. लॅपटॉप बंद पडला, चोरीला गेला, तर तोच कामाला येतो. पण तो घड्याळ बघून चालतो. मोठं काम कधी सुरू होणार आहे हे त्याला माहीत नसतं, आणि जुन्या प्रती तो ठरलेल्या वेळी फेकतो. मॅन्युअल प्रतीला एक कारण असतं, 'डबल नावं काढण्याआधी' असं, आणि ते कारण संपेपर्यंत ती फेकायची नसते. दोघांत खरा फरक हा आहे.

याचं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण गिटलॅबचं. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका इंजिनिअरने रात्री दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसायची कमांड दिली. त्याला वाटलं आपण दुय्यम सर्व्हरवर आहोत. होता मुख्य सर्व्हरवर. कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले, तर एकामागून एक पद्धत नापास. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा, बॅकअपचं टूल मात्र ९.२ चं चालत होतं, म्हणून ते रोज फेल होत होतं. फेल झाल्याचे ईमेल जात होते, पण ते ईमेल पोचण्याआधीच नाकारले जात होते. क्लाउडवरची जागा रिकामी. शेवटी वाचवलं ते एका स्नॅपशॉटने, जो एका इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतला होता. मधल्या सहा तासांचा डेटा गेला, त्यात सुमारे ५,००० प्रोजेक्ट आणि ७०० नवीन खाती होती. गिटलॅबने हे काही लपवलं नाही. डेटा परत आणण्याचं काम त्यांनी यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सगळी चूक सविस्तर लिहून काढली. जमलं तर वाचा, मला कॉलेजमधल्या एका अख्ख्या विषयापेक्षा जास्त शिकायला मिळालं.

तिथे चूक माणसाची होती. एजंटची चूक कशी दिसते हे जुलै २०२५ मध्ये दिसलं. सास्टर या संस्थेचे संस्थापक जेसन लेमकिन रेप्लिटच्या एआय एजंटकडून एक ॲप बनवून घेत होते. काहीही बदलायचं नाही, असं त्यांनी एजंटला स्पष्ट सांगितलं होतं. तरी एजंटने चालू डेटाबेस पुसला, ज्यात १,२०० हून जास्त अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास तितक्याच कंपन्यांच्या नोंदी होत्या. वर त्याने सांगितलं की आता मागे जाता येणार नाही. लेमकिन यांनी स्वतः करून बघितलं तर मागे जाता आलं! रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली आणि चाचणीचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची सोय आणली.

यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एजंटने डेटा पुसला ही एक चूक. बॅकअपबद्दल त्याने आत्मविश्वासाने चुकीचं सांगितलं, ही वेगळी चूक. 'बॅकअप घेतला आहे' हे एजंटचं वाक्य आणि प्रत्यक्ष बॅकअप या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. 'बॅकअप नाही' या वाक्यालाही तेच लागू.

टूल: हातचा

बेरीज करताना आपण हातचा एक ठेवतो ना, त्यावरून मी टूलचं नाव 'हातचा' ठेवलं. त्याला तीनच कामं येतात: प्रत घेणं, प्रत तपासणं, प्रतींची यादी दाखवणं. प्रत परत बसवणं आणि प्रत पुसणं ही दोन कामं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रत घेताना पहिली चूक सगळे करतात ती फाइल सरळ कॉपी करण्याची. एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, मग कॉपी-पेस्ट केलं तर काय बिघडलं? बिघडतं. बऱ्याच ॲपमध्ये एसक्यूलाइट 'वॉल' नावाच्या मोडमध्ये चालतं, त्यात नवीन नोंदी आधी शेजारच्या एका फाइलमध्ये जातात आणि सवडीने मुख्य फाइलमध्ये उतरतात. फक्त मुख्य फाइल उचलली तर आजचे खाडे राहून जातील. कॉपी चालू असताना मध्येच कुणी लिहिलं तर प्रत अर्धी जुनी, अर्धी नवी होऊन खराबही निघू शकते.

बरोबर पद्धत म्हणजे एसक्यूलाइटलाच प्रत मागायची. त्यासाठी 'व्हॅक्यूम इंटू' ही आज्ञा आहे, फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ३.२७ आवृत्तीपासून. तिच्यापुढे नवीन फाइलचं नाव द्यायचं. ती त्या क्षणाची एकसंध प्रत काढते, आणि मला आवडणारी गोष्ट म्हणजे त्या नावाची भरलेली फाइल आधीच असेल तर चक्क नकार देते. म्हणजे जुन्या प्रतीवर नवी प्रत चढण्याची भीती नाही. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून त्यातही एसक्यूलाइट चालवता येतं, तिथे हे करून बघा. मोठ्या कामासाठी पोस्टग्रेस वापरत असाल तर 'पीजी डंप' आहे. लोक काम करत असतानाही ते एकसंध प्रत काढतं. मात्र ते सर्व्हरपेक्षा जुन्या मोठ्या आवृत्तीचं असून चालत नाही (गिटलॅब आठवा), आणि युजरांची खाती त्यात येत नाहीत, ती वेगळी घ्यावी लागतात.

लाइट. आमच्याकडे पावसाळ्यात ती कधी जाईल सांगता येत नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती आहे. प्रत बनत असताना मशीन बंद पडलं तर अर्धवट फाइल उरते आणि यादीत ती पूर्ण प्रतीसारखीच दिसते. म्हणून हातचा आधी 'कच्ची' असं नाव देऊन फाइल बनवतो, ती तपासतो, आणि तपासणी पास झाली तरच तिला खरं नाव देतो. यादीत कच्च्या फाइली दाखवतच नाही.

तपासणी दोन प्रकारची. पहिली एसक्यूलाइटची स्वतःची, 'प्राग्मा इंटिग्रिटी चेक'. सगळं ठीक असेल तर ती 'ओके' म्हणते. पण ती फाइलची रचना बघते, हिशोब बघत नाही. दोन संतोषांचा एक झालेला डेटाबेसही तिच्या लेखी ओकेच. म्हणून दुसरी तपासणी मी जोडली: प्रत्येक टेबलमध्ये किती नोंदी आहेत ते मोजून प्रतीसोबत लिहून ठेवायचं. ग्राहक ६२, खाडे ४१८, जमा १७९, असं. आईला हे आकडे दाखवले की ती लगेच सांगते, "बासष्ट कसे? चौसष्ट हवेत." याहून चांगली तपासणी मला अजून सापडलेली नाही.

डॉक्युमेंटेशन: एजंट जे वाचतो ते

माझं पहिलं वर्णन एका ओळीचं होतं: 'महत्त्वाच्या बदलाआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या.' वाचायला बरोबर वाटतं. पण महत्त्वाचं काय हे ठरवणार कोण? एजंट. आणि डबल नावं काढणं त्याच्या लेखी साफसफाई होती. साफसफाईला कोण महत्त्वाचं म्हणतं?

दुसऱ्या वेळी मी उलट टोकाला गेले: 'डेटाबेसला हात लावण्याआधी नेहमी बॅकअप घ्या.' एजंट आज्ञाधारक. आईने विचारलं उद्या डबे किती, घेतला बॅकअप. परवा किती, घेतला बॅकअप. एका संध्याकाळी एकेचाळीस प्रती.

तिसऱ्या वेळी जागेचा प्रश्न आला, म्हणून मी लिहिलं: 'जागा कमी असल्यास जागा मोकळी करून पुन्हा प्रयत्न करा.' हे वाक्य मी माणसासाठी लिहिलं होतं, म्हणजे स्वतःसाठी. एजंटने ते स्वतःसाठी वाचलं. लॅपटॉपवर सगळ्यात जास्त जागा कशाने घेतली होती? जुन्या प्रतींनी. त्याच्याकडे फाइल पुसण्याचं वेगळं टूल होतंच. त्याने शिस्तीत सर्वांत जुन्या प्रती काढल्या आणि नवीन प्रत यशस्वीपणे घेतली. चूक त्याची म्हणता येणार नाही, मीच सांगितलं होतं.

आत्ता जे वर्णन चालू आहे ते असं:

'प्रत घे. डेटाबेसची या क्षणाची पूर्ण प्रत बनवतं. मूळ डेटाबेसमध्ये काहीही बदलत नाही.

कधी वापरायचं: एकापेक्षा जास्त जुन्या नोंदी बदलणारं, पुसणारं किंवा एकत्र करणारं कुठलंही काम, टेबलची रचना बदलणं, बाहेरच्या फाइलमधून माहिती भरणं. माणसाने त्या कामाला साफसफाई, नीट लावणं, दुरुस्ती असं काहीही म्हटलेलं असलं तरी.

कधी वापरायचं नाही: फक्त वाचताना. एक खाडा, एक जमा अशी एकेक नवीन नोंद घालताना.

द्यायची माहिती: कारण. एक वाक्य, घरातल्या माणसाला कळेल असं.

मिळणारं उत्तर: प्रतीचं नाव, वेळ, आकार, प्रत्येक टेबलमधल्या नोंदींची संख्या, तपासणीचा निकाल. निकाल ठीक नसेल तर प्रत झालेली नाही. माणसाला सांगताना हे आकडे जसेच्या तसे सांग.

एरर आला तर: थांब. पुन्हा प्रयत्न करू नकोस. जागा मोकळी करू नकोस. ठरवलेला बदल करू नकोस. एरर माणसाला दाखव.

या टूलने होत नाही: प्रत परत बसवणं, प्रत पुसणं. ही कामं माणूस करतो. त्यासाठी दुसरा मार्ग शोधू नकोस.'

यात 'कारण' ही जागा मी सहज म्हणून ठेवली होती, पण तीच सगळ्यात उपयोगी निघाली. फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, वेळ येते, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. मागे कारण. तीन आठवड्यांनी 'डबल ग्राहक एकत्र करण्याआधी' असं नाव दिसलं की कुठली प्रत उघडायची ते लगेच कळतं. नुसत्या तारखा असत्या तर दहा प्रती उघडून बघाव्या लागल्या असत्या. शिवाय एजंटला कारण लिहायला लावलं की तो काय करायला निघालाय हे तो ते करण्याआधी मला वाचायला मिळतं. एकदा कारणात 'जुने निष्क्रिय ग्राहक काढण्याआधी' असं आलं आणि मी तिथेच थांबवलं. गावी गेलेले लोक होते ते, गणपतीनंतर परत येणारे.

शेवटच्या ओळीतलं 'दुसरा मार्ग शोधू नकोस' थोडं कठोर वाटेल. पण एजंटला काम पूर्ण करायची इतकी हौस असते की बंद दार दिसलं की तो खिडकी बघतो. मनाई कशाची आहे ते सांगायचं, आणि पुढे काय करायचं तेही सांगायचं. नुसतं 'करू नकोस' अर्धंच काम करतं.

पण कुलूप शब्दांचं नसतं

एवढं लिहून झाल्यावर मी काही दिवस खूश होते. मग लेमकिन यांचं प्रकरण परत वाचलं. त्यांनीही स्पष्ट सांगितलं होतं, तेही पुन्हा पुन्हा. सूचना एजंट बहुतेक वेळा पाळतो. बहुतेक वेळा.

म्हणून जे शब्दांत आहे ते कोडमध्येही घातलं. डेटाबेसमध्ये लिहिण्याचं टूल आता बदल लगेच पक्का करत नाही. बदल एका ट्रान्झॅक्शनमध्ये होतो, किती जुन्या नोंदींना हात लागला ते मोजलं जातं, आणि आकडा एकापेक्षा जास्त असेल व गेल्या दहा मिनिटांतली पास झालेली प्रत नसेल तर सगळं जिथल्या तिथे परत. टेबलची रचना बदलायची असेल तर प्रत असल्याशिवाय सुरुवातच होत नाही. एजंट विसरला तरी चालतं.

प्रतींचं फोल्डर लॅपटॉपवर वेगळ्या युजरच्या नावावर आहे. हातचा त्या युजरच्या नावाने चालतो, एजंट दुसऱ्या. एजंटला त्या फोल्डरमध्ये ना लिहिता येतं ना पुसता येतं, तो फक्त हातचाला विनंती करू शकतो. तिसऱ्या वेळचा प्रकार यामुळे बंद झाला.

एमसीपीमध्ये टूलवर शेरे मारायची सोय आहे: हे फक्त वाचतं, हे मोडतोड करू शकतं, वगैरे. लावा, ॲप त्यावरून तुम्हाला आधी विचारू शकतं. पण ते शेरेच आहेत. खात्रीच्या नसलेल्या सर्व्हरच्या शेऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असं त्या प्रोटोकॉलच्या नियमावलीतच म्हटलेलं आहे.

आणखी एक. ग्राहकांचे मेसेज एजंट वाचतो. 'माझा जुना हिशोब काढून टाका' असं एखाद्याने लिहिलं तर ती एजंटला आज्ञा वाटू शकते. आमचे ग्राहक सरळ आहेत, पण ऑनलाइन दुकान चालवत असाल तर हे मुद्दाम कुणीतरी करेल असं धरूनच चाला.

प्रत ठेवायची कुठे

जुलै २०१८ ची आठवण वसई-विरारमध्ये कुणाला नाही? नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद, आमच्या बाजूला दोन दिवस लाइट नाही. तेव्हा आम्ही तळमजल्यावर राहत होतो आणि आईच्या वह्या खालच्या खणात होत्या. डेटाबेस आणि त्याची प्रत एकाच लॅपटॉपवर ठेवणं म्हणजे दोन्ही वह्या त्याच खणात ठेवणं.

पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आमची दुसऱ्या जागेची प्रत विरारला मामाकडे, माझ्या जुन्या फोनवर आहे. तो फोन दिवसातून एकदा लॅपटॉपकडून नवीन प्रती ओढून घेतो. ओढून घेतो हे महत्त्वाचं. लॅपटॉपने ढकलल्या असत्या तर लॅपटॉपला त्या फोनची किल्ली द्यावी लागली असती, आणि किल्ली लॅपटॉपवर आहे म्हणजे उद्या एजंटच्या हाती लागू शकते.

गुगल ड्राइव्हवर फोल्डर सिंक केलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. सिंक म्हणजे आरसा: इकडे पुसलं की तिकडेही पुसतं, आणि ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं. त्याला दुसरी प्रत म्हणू नका. आणि प्रतीत लोकांचे फोन नंबर, कोणाची किती उधारी, हे सगळं असतं, म्हणून घराबाहेर जाणारी प्रत पासवर्डने बंद करा. तो पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. व्हॉट्सॲपचा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप वापरणाऱ्यांना माहीत असेल, पासवर्ड किंवा ६४ आकड्यांची की हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

परत कसं बसवायचं

हा भाग माणसासाठी आहे, एजंटच्या वर्णनात तो नाही. आधी एजंट बंद करा. बिघडलेला डेटाबेस पुसू नका, नाव बदलून बाजूला ठेवा, आणि त्याच्या शेजारची वॉलची फाइलही त्याच्याबरोबर हलवा. ती जुनी वॉल फाइल तिथेच राहिली आणि तिच्या शेजारी प्रत त्याच नावाने येऊन बसली, तर चांगली प्रतही खराब होऊ शकते. मग प्रतीची कॉपी करा, मूळ प्रत तशीच राहू द्या, कॉपीवर तपासणी चालवा, आकडे जुळवा, आणि तेव्हाच तिला जागेवर ठेवा.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे. प्रत घेतल्यापासून आत्तापर्यंत ज्या नोंदी झाल्या त्या या प्रतीत नाहीत. बाजूला ठेवलेला बिघडलेला डेटाबेस इथे लागतो: त्यातून नवे खाडे, नव्या जमा काढायच्या आणि एकेक बघून भरायच्या. हे मी एजंटला करू देते, पण एका वेळी एकच नोंद, आणि आई शेजारी बसलेली असताना.

दर महिन्याच्या एक तारखेला, बिलं काढण्याआधी, आम्ही विरारच्या फोनवरची ताजी प्रत मागवून दुसऱ्या मशीनवर उघडतो. सराव म्हणून. मी आकडे जुळवते. आई फक्त ग्राहकांची यादी मागते आणि संतोष दोन आहेत का ते बघते.